व्हॉल्व्ह मायक्रोफोनच्या पॉवर सप्लायमधील गुणगुण

प्रश्न: वडिलांनी जपलेल्या, ईएफ८६ व्हॉल्व्ह (आवाजाचा संकेत वाढवणारी काचेची नळी) असलेल्या मायक्रोफोनचा पॉवर सप्लाय सुरू केला की हेडफोनमध्ये जाडसर गुणगुण येते आणि दहा मिनिटांत २१० व्होल्टचा दाब १७० पर्यंत उतरतो. व्हॉल्व्ह बदलूनही फरक पडला नाही. काय तपासावे?

उत्तर: गुणगुण १०० हर्ट्झची असल्यास फिल्टरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर (वीज साठवून दाब सपाट ठेवणारा भाग) पहिला संशय घ्यावा, ५० हर्ट्झची असल्यास अर्थिंग आणि केबलचे शील्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) पाहावे. दाब तापल्यावर उतरतो, त्यामुळे मला गळक्या, म्हणजे आतून वीज झिरपू देणाऱ्या, कपॅसिटरचीच शंका येते. मात्र एक कळकळीची विनंती आहे: वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो, म्हणून १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरवर शून्य दिसल्यावरच आत हात घालावा.

दुसरे उत्तर: फिलामेंटचे (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचे) ६.३ व्होल्ट मायक्रोफोन जोडलेला असतानाच मोजावेत. भाराविना आकडा चढा दिसतो.

प्रश्नकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून (विजेच्या सामानाचा बाजार) ३५० व्होल्टचे कपॅसिटर आणून बसवले. जुन्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी, डिंकासारखा थर साचला होता. दाब आता २०८ व्होल्टवर स्थिर आहे आणि तानपुऱ्याचा खर्ज स्वच्छ ऐकू येतो.