प्रतिसाद: छोटं म्हणजे सोपं नव्हे

‘बायकांच्या हाताला छोटं, हलकंच पिस्तूल बरं’ हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत अजिबात पटलं नाही. गोळी तीच असेल, तर हत्यार जितकं हलकं तितका गोळी झाडताना हाताला बसणारा धक्का जास्त. टेक्सासमध्ये माझ्या वहिनीला दुकानदाराने आखूड नळीचं हलकं .३८ कॅलिबरचं (गोळीचं माप) रिव्हॉल्व्हर दिलं (गुलाबी मुठीचं, अर्थातच!). पाच गोळ्यांत मनगट धरून बसली.

पिस्तुलाची स्लाइड (गोळी भरायला मागे ओढायचा वरचा सरकता भाग) ओढण्याबद्दल मात्र इथे कुणीच बोललं नाही. नवख्यांचं घोडं बऱ्याचदा तिथेच अडतं. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं २०१८ मधलं .३८० शील्ड ईझेड पिस्तूल याचसाठी बनलंय, स्प्रिंग हलकी. रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) भाड्याने तीन-चार पिस्तुलं चालवून वहिनीने शेवटी तेच घेतलं. निवड तिची तिलाच करू द्या, नवऱ्याने नको.