संत्र्याचं कोन्कोर्दिया (अर्जेंटिना) पाहायचं आहे: कधी जावं, कसं पोचावं, काय खावं?

वरूडकर_संत्रावाला
राम राम मंडळी. वरूड-मोर्शीकडचे आम्ही चौघं बागवाले अर्जेंटिनातलं कोन्कोर्दिया पाहायचं म्हणतो. एन्त्रे रिओस प्रांतात, उरुग्वाय नदीच्या काठी, संत्र्याचं गाव आहे एवढं ठाऊक. जुलैत चार-पाच दिवस जमतील. दोघं माळकरी आहेत, स्पॅनिश कोणालाच येत नाही. पोचावं कसं, बागेत काय पाहावं, आणि नदीपल्याडचं उरुग्वायमधलं साल्तो शहर त्यातच होईल का? सहलवाले नुसता धबधबा दाखवतो म्हणतात.

रेतिरो_ते_बडनेरा
भाऊ, आधी महिना ठरवा, मग तिकीट. तिकडचे ऋतू आपल्या उलटे. जुलैत दुपारी 17-18 अंश, पहाटे 7-8, आणि एखाद्या रात्री पारा शून्याखाली. फळतोडणी चालू असते, पॅकिंग जोरात असतं, ते बरं. पण जुलैतच त्यांच्या शाळांना हिवाळी सुट्ट्या लागतात आणि 9 जुलैला राष्ट्रीय सुट्टी. गरम पाण्याच्या झऱ्यांवरची हॉटेलं त्या दिवसांत भरलेली. सप्टेंबरात गेलात तर व्हॅलेन्सियाच्या (उशिरा पिकणारं संत्रं) झाडावर जुनं फळ आणि नवा फुलोरा एकदमच दिसेल. तेव्हा आपल्याकडे आंबिया बहाराच्या (थंडी सरताना फुलणारा) फळगळीची काळजी असते, म्हणून घरी कोण थांबणार ते आधी पाहा.

पोचायचं असं: नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून दोहा, दुबई किंवा अदिस अबाबामार्गे ब्यूनस आयर्सचा एसेइसा विमानतळ. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. एसेइसाहून रेतिरो बस स्थानक सुमारे 35 किलोमीटर. तिथून कोन्कोर्दिया 430 किलोमीटरच्या आसपास, चौपदरी हायवे क्रमांक 14 ने साडेपाच-सहा तास. बसमध्ये 'सेमी-कामा' म्हणजे अर्धी मागे होणारी सीट, 'कामा' म्हणजे जवळपास झोपता येणारी. दिवसाच्या प्रवासाला सेमी-कामा पुरे.

रेतिरोला नवखा माणूस फलाटावर फसतो. तिकिटावर एक आकडा नसतो, '20 ते 30' असा पल्ला छापलेला असतो. गाडी त्यातल्या कुठल्या फलाटावर लागते ते ऐनवेळी बोर्डावर येतं, म्हणून मधोमध उभं राहा. डिकीत सामान टाकलं की चिठ्ठीचा अर्धा भाग देतात. तो हरवला तर उतरताना बॅग मिळवायला घोळ. सामान चढवणारा पोरगा सुटे पैसे मागतो, तिथली रीतच आहे. आणि त्या स्थानकात फोन हातात नाचवू नका.

डोळाकलम
बागेबद्दल लिहितो. तिथे बागेला 'किंता' आणि पॅकिंग शेडला 'एम्पाके' म्हणतात, हे दोन शब्द पाठ करा. सरकारी कृषी संशोधन संस्था इन्ता, तिचं केंद्र शहराबाहेर युकेरी भागात आहे आणि लिंबूवर्गीय फळं हा त्यांचा मुख्य विषय. तीन-चार आठवडे आधी स्पॅनिशमध्ये ईमेल टाका: किती जण, काय पाहायचं, कोणत्या तारखा. न कळवता गेलात तर फाटकावरूनच परत याल.

नुसतं फळ पाहून येऊ नका, कारण फळ वरूडातही दिसतं. खालच्या चार गोष्टी पाहा.

पहिली, बहार. आपण काळ्या मातीत पाणी तोडून ताण देतो, मग आंबिया नाहीतर मृग (पावसाळ्याच्या तोंडाचा) बहार धरतो. तिकडे ताण द्यायची भानगड नाही, हिवाळ्याची थंडीच झाडाला विसावा देते आणि सप्टेंबरात फुलोरा येतो. पाऊस वर्षभर विखुरलेला, सुमारे 1300 मिलिमीटर.

दुसरी, खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड. त्यांचा मुख्य खुंट ट्रायफोलिएट, तीन पानांची लिंबूवर्गीय जात. त्यांच्या रेताड, तांबूस जमिनीत तो चालतो, थंडी सोसतो आणि डिंक्याला (खोडातून डिंक गळण्याचा रोग) दाद देत नाही. हे ऐकून आपल्याकडे लावायची घाई करू नका राजेहो. चुनखडीच्या जमिनीत ट्रायफोलिएटला लोह उचलता येत नाही, पानं पिवळी पडून झाड बसतं. म्हणून तर आपण जंभेरी आणि रंगपूर लिंबाच्या खुंटांवर आहोत.

तिसरी, रोपवाटिका. अर्जेंटिनात ग्रीनिंग हा झाड मारणारा रोग 2012 मध्ये मिसिओनेस प्रांतात सापडला. आता प्रमाणित रोप कीड-प्रतिबंधक जाळीखालीच वाढवावं लागतं. जाळीची वीण, दोन दारांमधली मोकळी खोली, आत जाताना हात-पाय धुण्याची सोय, याचे फोटो परवानगी घेऊन काढा. दोन दारं कशासाठी? बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, म्हणजे सायला (ग्रीनिंग पसरवणारी बारीक कीड) कपड्यावर बसून आत जात नाही. आपल्याकडे उघड्यावर, रस्त्याकडेला रोपं विकली जातात, तिथेच सगळं बिघडतं.

चौथी, दंव. काही बागांत थंडीच्या रात्री फवारे चालू ठेवतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि कळीचं तापमान शून्याच्या आसपास टिकतं. बर्फ वितळायच्या आत पंप बंद केला तर नुकसान उलट जास्त होतं.

आणि कितीही मोह झाला तरी डोळकाडी (कलमासाठीची डोळे असलेली फांदी) खिशात घालून आणू नका. आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय भारतात रोपाचा कोणताही भाग आणता येत नाही. ग्रीनिंग काडीतूनही येतो.

पंगत_वाढपी
माळकऱ्यांसाठी. तिथे 'कार्ने' म्हणजे गाईचं मांस. 'सिन कार्ने' म्हटलं तर कोंबडी नाहीतर हॅम घालून आणतील. पूर्ण वाक्य कागदावर लिहून न्या: 'सिन कार्ने, सिन पोशो, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन ग्रासा'. शेवटचा शब्द महत्त्वाचा. ग्रासा म्हणजे चरबी, बरेचदा गाईची. एम्पानादाच्या (तिकडची करंजी) पारीत आणि खारट बिस्किटांत ती असते, सारण कांदा-चीजचं असलं तरी. 'पास्कुआलिना' नावाचा भरलेला पाय पालेभाजीचा दिसतो, पण आत अख्खी अंडी. अंडं चालत नसेल तर ताज्या शेवयांबद्दलही विचारा.

चालेल असं: कांदा-चीजचा 'फुगासेता' पिझ्झा, तव्यावर भाजलेलं चीज 'प्रोव्होलेता' (मांसाच्या जाळीवर भाजू नका म्हणून सांगावं लागतं), आणि 'फायना' म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी, आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तांदूळ, भाज्या, डाळी दुकानात मिळतात. हळद-तिखट-जिरं घरून न्या, बंद पाकिटात.

दुपारी साडेबारा-एकला दुकानांचं शटर पडतं ते साडेचार-पाचला उघडतं. रात्रीचं जेवण नऊनंतर. आठला हॉटेलात गेलात तर खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या दिसतील. चार्जरला तिरप्या दोन चपट्या पट्ट्यांचा प्लग लागतो.

वरूडकर_संत्रावाला
डोळाकलम दादा, खुंटाचं ऐकून डोळे उघडले. साल्तोचं कोणी सांगा ना.

धरणकाठ
होतं, एका दिवसात होतं, पण कागदपत्रं दोन देशांची. साल्तो उरुग्वायमध्ये. उरुग्वायचा व्हिसा वेगळा, आणि अर्जेंटिनाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परत येताना अडकाल. अर्ज करतानाच अनेकदा प्रवेशाचा मागा. अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांना अर्जेंटिनात सोपी वाट असते, दूतावासाच्या संकेतस्थळावर तेव्हाचा नियम पाहा.

ओलांडायला कोन्कोर्दियाच्या उत्तरेला साल्तो ग्रांदे धरण, सुमारे 18-20 किलोमीटर. पूल म्हणजे धरणाचाच माथा, त्यावरून रस्ताही जातो आणि रेल्वेही. दोन्ही देशांचं मिळून: 135 मेगावॅटची 14 टर्बाइन, एकूण 1890 मेगावॅट, पहिलं 1979 मध्ये फिरलं. सोबत फळ नेऊ नका, सीमेवर काढून घेतात. तुमच्या पिशवीत त्यांचंच संत्रं असलं तरी. साल्तोच्या दक्षिणेला दायमानचे गरम झरे, पाणी 40 अंशांच्या वर. उनकेश्वरचं कुंड पाहिलेल्यांना नवल नाही, पण हिवाळ्यात थकलेल्या पायांना उत्तम.

नदीवर लक्ष ठेवा. कोन्कोर्दिया बंदरावर पाणी 11 मीटरला गेलं की इशारा, 12.50 ला लोक हलवतात. डिसेंबर 2015 मध्ये ते जवळपास 16 मीटरला गेलं होतं. हॉटेल नदीकाठचं न घेता चौकाजवळच्या उंच भागातलं घ्या. एक दिवस हाती असेल तर दक्षिणेला 50-55 किलोमीटरवर एल पाल्मार राष्ट्रीय उद्यान, 8,500 हेक्टर, याताय ताडांचं रान.

आणि पीतज्वराची लस. अर्जेंटिना भारताच्या पीतज्वर-देशांच्या यादीत आहे, म्हणून परतताना पिवळं कार्ड (लस घेतल्याचा दाखला) नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीपुढचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. एका कुपीत अनेक डोस असतात आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारीच टोचतात. फोन करूनच निघा, आणि चौघांचं एकाच दिवशी उरका.