४४ आणि ५६ च्या मधला खड्डा

*ए-२०३:* नमस्कार मंडळी. गोल्फ खेळणाऱ्यांना एक विचारायचंय. नवीन आयर्न सेट घेतला, त्यातला पिचिंग वेज (जवळच्या शॉटचा क्लब) ४४ अंशांचा निघाला, म्हणजे त्याचा फेस, बॉलला लागणारी बाजू, तेवढा मागे कललेला. सँड वेज जुनाच, ५६ चा. पिचिंग १२० यार्ड जातो, सँड ८०. बॉल १०० यार्डांवर राहिला की हातात काय घ्यावं तेच कळत नाही. ६० चा एक लॉब वेज, बॉल अगदी उंच उडवणारा, बघून ठेवलाय, फार देखणा आहे. घेऊ का?

*सी-७०१:* घ्या की. बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, उंच काठावरून बॉल काढायला त्याच्यासारखा दुसरा नाही. माझ्या बॅगेत चार वर्षं आहे.

*बी-५०१:* जरा थांबा. खड्डा आहे ४४ आणि ५६ च्या मध्ये, आणि तुम्ही भर टाकताय ५६ च्या पुढे. ६० आणला तरी १०० यार्डांवर अडचण तीच राहणार. दोन वेजमध्ये साधारण ४ ते ६ अंशांचं अंतर ठेवतात, तुमचं १२ चं झालंय. आधी ५० च्या आसपासचा गॅप वेज हवा.

*ए-२०३:* पण काका, जुन्या सेटला हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

*बी-५०१:* कारण जुना पिचिंग वेज ४८ च्या आसपासचा असणार. हल्ली अंतर वाढावं म्हणून आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेसचे हे अंश, कमी करतात. हेडचं वजन खाली ठेवलेलं असल्यामुळे बॉल तरीही उंच उडतो, आणि आपल्याला फरक जाणवत नाही. क्लबवर ‘पी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, अंश बघा. सगळे हिशेब तिथूनच सुरू होतात.

*डी-१०२:* काकांचं बरोबर आहे. आणि त्याच सेटचा गॅप वेज मिळत असेल तर तोच घ्या, बहुतेक ४९ च्या आसपास असेल. तो क्लब बहुतेक वेळा पूर्ण स्विंगनेच मारला जातो. हेड आयर्नसारखंच असलं की थोडा चुकीचा लागलेला शॉटही बराच सांभाळून घेतं. खास वेज लागतात ते सँड आणि लॉबच्या कामाला, जिथे फेस उघडून, म्हणजे आकाशाकडे वळवून, मारायचं असतं.

*ए-२०३:* हे पटलं ताई. मग सँड वेज बदलू का? दुकानात ‘५६.१०’ असं काहीतरी लिहिलेलं होतं.

*डी-१०२:* ५६ म्हणजे लॉफ्ट, १० म्हणजे बाउन्स, तळाचा कोन. वोकी ब्रँडच्या वेजवर तसंच असतं, पुढे एफ, एस, एम असं ग्राइंडचं, म्हणजे तळ कसा घासलाय त्याचं, अक्षर. लोक लॉफ्टवर तासभर बोलतात आणि बाउन्सकडे बघतही नाहीत. मीही तेच केलं होतं. मऊ हिरवळीवर छान चालणारा १४ बाउन्सचा वेज घेऊन एकदा कडक, कोरड्या जमिनीवर खेळायला गेले. तळ जमिनीवर आपटून उसळायचा, पुढची धार बॉलच्या पोटात बसायची आणि बॉल ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, पार पलीकडे. पूर्ण दिवस थिन शॉट. महिनाभर मी स्विंगमध्येच चूक शोधत होते.

*सी-७०१:* म्हणजे कमी बाउन्सच चांगला?

*डी-१०२:* नाही दादा, जमीन आणि हात बघून ठरतं. क्लब टेकवला की तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा खाली असते, तो कोन म्हणजे बाउन्स. तो क्लबला जमिनीत रुतू देत नाही. ज्यांचा हात वरून खाली येतो आणि डिव्हट (उखडलेला गवताचा तुकडा) खोल निघतो, त्यांना १० च्या वरचा बरा. मऊ वाळूतही तोच. गवत नुसतं झाडून जाणाऱ्यांना आणि कडक जमिनीवर खेळणाऱ्यांना ६ च्या आसपास पुरे.

*बी-५०१:* वाळूत तर बाउन्सच सगळं काम करतो. अमेरिकन गोल्फर जीन साराझेनने निब्लिक नावाच्या जुन्या क्लबच्या तळाला धातू डकवून तो जाड केला, क्लब रुतण्याऐवजी वाळूवरून घसरू लागला. १९३२ ची ब्रिटिश ओपन तो वेज घेऊनच जिंकली. आपण बंकरमध्ये बॉलला लागतच नाही, मागच्या वाळूवर मारतो. हे माहीत असूनही लोक धारदार तळाचा वेज घेऊन वाळू खणत बसतात, बघून जीव तुटतो.

*ए-२०३:* माझे डिव्हट खोल असतात. चांगले पोळीएवढे.

*डी-१०२:* मग १२ च्या आसपासचा घ्या. फेस उघडला की बाउन्स आणखी वाढतो. हात पुढे दाबून मारलं की कमी होतो.

*सी-७०१:* आणि माझा ६०? तो काय फेकून देऊ?

*बी-५०१:* नाही हो. तुमचा हात त्यावर बसलाय. फक्त नवशिक्याने पूर्ण स्विंगला ६० घेऊ नये असं माझं मत. बॉल वर जातो, पुढे जात नाही, आणि जरा चुकलं की फेस बॉलच्या खालून निसटतो.

*सी-७०१:* हे मला मान्य नाही. चार वर्षांपूर्वी मीही नवशिकाच होतो. रोज वीस चिप (छोटे शॉट) मारून तो हाताखाली आला.

*ई-४०२:* एक भर घालते. ए-२०३, जुन्या ५६ च्या फेसवरच्या खाचा बघा. गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या गवतातून बॉल जास्त वर उडतो, फिरत नाही आणि ग्रीनवर थांबत नाही. २०१० पासून खाचांचा आकार आणि कडा यांवर नियमाने अधिक कडक मर्यादा आहे, त्यामुळे आहेत त्या तरी शाबूत हव्यात. नखाने चाचपून बघा, कडा लागली पाहिजे.

*ए-२०३:* आत्ताच बघितलं वहिनी. मधोमध अजिबात लागत नाही.

*बी-५०१:* मग सोपं झालं. ४४ आणि ४९ सेटमधले, त्यापुढे नवीन ५४, बाउन्स १२. बॅगेत चौदाच क्लब चालतात, तेव्हा एक जागा मोकळी ठेवा.

*ए-२०३:* ठरलं. रविवारी सरावाच्या रेंजवर तिन्ही वेजने दहा-दहा बॉल मारून अंतरं लिहून ठेवतो. चौथा लागेल की नाही ते आकडे बघून.

*सी-७०१:* माझा ६० पण घेऊन येतो. चार बॉल मारून बघा, मग सांगा.