परदेशी शिकायला गेलेल्या बडोदेकरांनो, खरं खरं सांगा

अलकापुरीत काय, मांजलपुरात काय, आयेल्ट्स (इंग्रजीची परीक्षा) क्लास आणि व्हिसा सल्लागारांचे बोर्ड जागोजागी आहेत. आपल्या गावाला ही वाट नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना महिना ११.५० पौंड शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. आज मात्र बहुतेक घरांत हा खर्च कर्जातून होतो. माझी मुलगी बारावीला आहे आणि तिला जायचंच आहे. जे तिथे आहेत, जे परत आले आणि ज्यांची मुलं गेली, त्या सगळ्यांनी लिहा. कॉलेजचं नाव नको. पैसा, काम, अभ्यास कसा जमला ते सांगा.

कारेलीबाग, सध्या ओंटारिओ
व्हिसासाठी जीआयसी भरावं लागतं, म्हणजे आपलेच राहण्या-खाण्याचे पैसे तिथल्या बँकेत आधी ठेवायचे, मग ते हप्त्याहप्त्याने परत मिळतात. माझ्या वेळी १०,००० कॅनेडियन डॉलर लागायचे. जानेवारी २०२४ पासून ते २०,६३५ झाले आणि पुढे आणखी वाढले. घरच्यांना वाटतं, झाली वर्षाची सोय. भाडं, बसचा पास आणि थंडीचे कपडे एवढ्यातच त्यातला मोठा भाग जातो. आता सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं, आणि ते मिळेपर्यंत जीव टांगणीला. मला एका कॉफीच्या दुकानात पहाटेची पाळी मिळाली. बस सुरू व्हायच्या आत निघायचं, बर्फातून चालत जायचं आणि तिथून थेट वर्गात. जाकिटाला तळणाचा वास तसाच असायचा. आईचा व्हिडिओ कॉल आला की मी कॅमेरा खिडकीकडे धरायचो, बर्फ दाखवायला. तळघरातली खोली तिला दिसायला नको होती.
अभ्यास मात्र मनापासून आवडला. आपल्या बडोद्यासारखं दुसऱ्याचं जर्नल उतरवून चालत नाही. पकडलं गेलं तर चौकशी लागते. स्वतः विचार करून लिहायला मी तिथे शिकलो.

कलाभवनमधून बीई, मग जर्मनी
सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, हे खरं आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सत्राला १,५०० युरो पडतात. माझ्या फाइलच्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याला, वर्षाचे ११,९०४ युरो लागले. त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याच्या तपासणीचं, काम सगळ्यात आधी हाती घ्या. आणि भाषा! मास्टर्स इंग्रजीत झालं, पण नोकरीच्या मुलाखती जर्मनमध्ये. जर्मनची बी१ पातळी बडोद्यातच गाठून या, तिथे गेल्यावर वेळ मिळत नाही.

दांडिया बाजार, आई
मुलगा अमेरिकेत आहे. कर्जासाठी घर तारण आहे. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ह्यांनी ते दर महिन्याला भरलं, म्हणून मुद्दल फुगलं नाही. जुन्या करपद्धतीत कलम ८०ई खाली व्याजावर सूट मिळते, तीही घ्या. रुपया घसरला की फी तेवढीच राहूनही आपल्याला जास्त भरावी लागते. त्याची तजवीज ठेवा. गणपतीत संध्याकाळची आरती आम्ही फोनवर लावतो. त्याच्याकडे सकाळ असते, लेक्चरला निघता निघता ऐकतो.

अमेरिकेहून परत, मकरपुरा
एच-१बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, लॉटरी लागली नाही, म्हणून आलो. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर आणखी २४. माझा होता, म्हणून कर्ज डॉलरच्या पगारातून फिटलं. नावात ‘मॅनेजमेंट’ असलेले बरेच कोर्स स्टेममध्ये बसत नाहीत. तेव्हा आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) विषयाचा कोड कोणता येणार, हे प्रवेश घेण्याआधी विद्यापीठालाच लिहून विचारा. ‘का रे परत आलास?’ असं लोक अजून विचारतात. तिथे शिकलेलं डिझाइन मी इथल्या कारखान्यात रोज वापरतो आणि मला त्याचं समाधान आहे.

वाघोडिया रोड
‘फंड आम्ही दाखवून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. माझ्या मैत्रिणीच्या फाइलमध्ये एजंटने परस्पर खोटा बँकेचा कागद लावला. कॅनडात अशा प्रकरणी पाच वर्षांची बंदी लागते, आणि ती एजंटवर नाही, विद्यार्थ्यावर. अर्जाचा लॉगिन पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि अर्ज जाण्याआधी मुलीला प्रत्येक पान वाचायला लावा.