पतसंस्थेचा डे-एंड रिपोर्ट यायला २२ मिनिटं, व्हेंडर म्हणतोय नवा सर्व्हर घ्या

खानापूर_कौंटर

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका लहान पतसंस्थेत आहे मी, पोस्ट क्लार्कची पण कॉम्प्युटरमधलं जरा कळतंय म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षांचं जुनं, पीएचपी भाषेत लिहिलेलं, खाली डेटाबेस मायएसक्यूएल ५.७. ज्या पोरानं लिहिलं तो आता पुण्याला, फोन उचलत नाही. खाती ६,२०० आणि व्यवहाराच्या टेबलात ९ लाखाच्या आसपास ओळी.

दोन तक्रारी. एक, कौंटरला पासबुक भरायला एक खातं उघडलं की सात-आठ सेकंद चाक फिरत बसतंय, समोर म्हातारी माणसं उभी आणि मी स्क्रीनकडं बघत. दोन, संध्याकाळचा डे-एंड रिपोर्ट २२ मिनिटं. मोजून. ते येईपर्यंत शटर ओढता येत नाही, शेवटची बस चुकते आणि पावसात लाईट गेली की परत पहिल्यापासनं. हार्डवेअरवाला म्हणतोय मशीन जुनं झालंय, नवा सर्व्हर घ्या, रॅम ३२ जीबी टाका. चेअरमन मला विचारालेत खरंच लागतोय काय. काय सांगू त्यांना?

पासबुकची क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) अशी आहे, मोबाईलवरनं टाईप करालोय म्हणून मराठीतच लिहितो, समजून घ्या: सिलेक्ट स्टार फ्रॉम व्यवहार व्हेअर खाते_नं = १०४२ ऑर्डर बाय वेळ. खाते_नं वर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) आहे, मी बघितलंय.

टिळकवाडी_डीबीए

सर्व्हर घेऊ नका. निदान आज तरी नको. ९ लाख ओळी म्हणजे मायएसक्यूएलला काहीच नाहीत, साधा लॅपटॉपसुद्धा त्यातनं एक खातं डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून देतो, फक्त त्याला इंडेक्स वापरता आला पाहिजे. इंडेक्स असणं वेगळं आणि वापरला जाणं वेगळं. ह्याच क्वेरीच्या आधी एक्सप्लेन हा शब्द लावून चालवा, ती कशी चालवणार ते डेटाबेस सांगतो, लगेच खाली शो वॉर्निंग्ज चालवा आणि काय येतंय ते टाका. आणि डिस्क्राईब व्यवहार करून खाते_नं चा टाईप काय आहे तेवढं बघा की. मला वाटतं व्हारकॅर, म्हणजे मजकूर असणार. बघूया.

खानापूर_कौंटर

होय की हो सर, व्हारकॅर १२ आहे. कसं ओळखलात?

एक्सप्लेनमध्ये टाईप ऑल, पॉसिबल कीज मध्ये इंडेक्सचं नाव दिसतंय पण की (प्रत्यक्ष वापरलेला इंडेक्स) च्या खाली नल, म्हणजे रिकामं. ओळींचा अंदाज ८ लाख ९४ हजार. वॉर्निंगमध्ये टाईप किंवा कोलेशन कन्व्हर्जनमुळं इंडेक्स वापरता येत नाही असं कायतरी आलंय.

टिळकवाडी_डीबीए

हेच. टाईप ऑल म्हणजे पूर्ण टेबल वरपासनं खालपर्यंत वाचतोय, दर पासबुकाला ९ लाख ओळी.

आता कारण नीट समजून घ्या, कारण हे एकदा कळलं की दहा ठिकाणी उपयोगी पडतंय. तुमचा कॉलम आहे अक्षरांचा आणि तुम्ही विचारालाय आकडा, अवतरण चिन्हाशिवाय १०४२. मग मायएसक्यूएल दोन्ही बाजू आकड्यात बदलून तुलना करतो. आता आकडा १०४२ ला जुळणारे मजकूर किती असू शकतात? '१०४२', '०१०४२', '००१०४२', आधी स्पेस असलेला ' १०४२', सगळेच. इंडेक्स लावलाय मजकुराच्या क्रमानं, त्यात हे सगळे लांब लांब पडलेले, त्यामुळं इंडेक्स बाजूला ठेवून तो एकेक ओळ काढतो, आकडा करतो, बघतो, पुढं जातो. उत्तर बरोबरच येतंय म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. सुरुवातीला टेबलात २० हजार ओळी असतील तेव्हा कळणार तरी कसं.

उपाय एवढाच, आकड्याला अवतरण चिन्ह लावा. पीएचपीत प्रिपेअर्ड स्टेटमेंट (किंमत मागाहून भरायची क्वेरी) असेल तर बाईंड करताना, म्हणजे किंमत भरताना, इंटिजर न देता स्ट्रिंग द्या.

खानापूर_कौंटर

लावलं आणि आता एकही ओळ येईना झालीय!! झिरो ओळी. माझा तर घाम निघाला, डेटा गेला की काय. चिन्ह काढलं की परत दिसतोय.

टिळकवाडी_डीबीए

अहो घाबरू नका, वर लिहिलंय की तेच झालंय. तुमच्या टेबलात खाते नंबर सहा आकडी शून्यं लावून साठवला असणार. '००१०४२' विचारा.

खानापूर_कौंटर

सर 🙏🙏 एंटर दाबायच्या आत आलं असं वाटलं. ०.०१ सेकंद दाखवतंय. आठ सेकंदाचं हे! दोन चिन्हं आणि दोन शून्यं!

पण रिपोर्टमध्ये कुठला आकडा लिहिलेलाच नाही, तिथं खाती लेफ्ट जॉईन व्यवहार आहे, म्हणजे सगळी खाती घेऊन त्यांना व्यवहार जोडायचे. ऑन खाती.खाते_नं = व्यवहार.खाते_नं अँड डेट(व्यवहार.वेळ) = आजची तारीख. त्याचं काय करायचं?

टिळकवाडी_डीबीए

खाती टेबलात खाते_नं इंट, म्हणजे आकडा आहे का बघा. असणारच. म्हणजे जॉईनमध्ये पण तीच भानगड, एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला मजकूर. लेफ्ट जॉईन असल्यामुळं सुरुवात खात्यांपासनंच होणार, आणि ६,२०० खात्यांतल्या प्रत्येकासाठी ९ लाख ओळींशी तुलना. गुणाकार करा, साडेपाचशे कोटीच्या वर जातंय. २२ मिनिटांत संपतंय हेच नवल, तुमचं जुनं मशीन बिचारं गुणी आहे, त्याला शिव्या देऊ नका.

खरं तर दोन्ही कॉलम एकाच टाईपचे, एकाच कॅरेक्टर सेटचे करायला पाहिजेत, पण चालू संस्थेत आज टेबल बदलायला जाऊ नका, ते वार्षिक सभा झाल्यावर निवांत. आत्ता फक्त जॉईनची अट बदला: व्यवहार.खाते_नं = एलपॅड(खाती.खाते_नं, ६, '०'), म्हणजे डावीकडं शून्यं लावून सहा आकडी करायचं. फंक्शन लावायचं ते खातीच्या बाजूला, व्यवहारच्या बाजूला नाही. ज्या कॉलमचा इंडेक्स वापरायचाय तो उघडा ठेवायचा, त्याच्यावर टोपी घातली की इंडेक्सला तो ओळखू येत नाही.

तारखेचं पण तसंच आहे बघा. डेट(वेळ) = आज असं लिहिलं की टोपी घातली. त्याऐवजी वेळ >= आज आणि वेळ < उद्या. बिटवीन वापरू नका, रात्री ११:५९:५९ चा घोळ होतो. आर्थिक वर्षाचं काढताना पण इयर() वगैरे न लावता १ एप्रिल पासनं पुढच्या १ एप्रिलच्या आत. मग व्यवहारवर एक नवा इंडेक्स, खाते_नं आणि वेळ ह्याच क्रमानं दोन्ही मिळून. क्रम उलटा केला तर पासबुकाला त्याचा काही उपयोग नाही. आडनाव-नाव असं लावलेल्या यादीत नुसत्या नावानं माणूस शोधून बघा, तसंच.

आणि एक, तारखेची अट ऑन मध्येच राहू दे, व्हेअर मध्ये नेऊ नका, नाहीतर ज्या खात्यात आज व्यवहार नाही ती खाती यादीतनं गायब होतील आणि बेरीज चुकली म्हणून रात्र जागवाल.

निपाणी_एक्सप्रेस

टिळकवाडी दादा भारी समजावलंत. भावा खानापूर, माझा अनुभव ऐक मग तुला कळंल की प्रॉडक्शनवर (चालू डेटावर) हात लावताना काय करायचं. मी आधी एका दूध डेअरीत होतो, नाव घेत नाही, एका शेतकऱ्याचा बँक खाते नंबर चुकला होता तेवढा दुरुस्त करायचा, अपडेट लिहिलं, व्हेअरची ओळ खाली होती आणि सिलेक्ट करून रन करताना वरचीच ओळ सिलेक्ट झाली. ४ हजार शेतकऱ्यांना एकच खाते नंबर. बिल वाटप दुसऱ्या दिवशी. मी रोलबॅक मारला तर काय होईना, नंतर कळलं टेबल मायआयसॅम इंजिनचं (डेटा साठवायची एक पद्धत) आहे, त्याला ट्रान्झॅक्शन, म्हणजे बदल पक्का करायच्या आधी मागं घ्यायची सोय, हा प्रकारच माहीत नाही. रात्रभर रजिस्टर बघून टाईप केलं आम्ही तिघांनी.

तेव्हापासनं तीन सवयी. आधी तीच अट लावून सिलेक्ट काउंट करायचं, १ आला पाहिजे. मग स्टार्ट ट्रान्झॅक्शन, अपडेट, किती ओळी बदलल्या ते वाचायचं, मग कमिट (बदल पक्का). आणि क्लायंट सुरू करताना सेफ अपडेट्स चालू ठेवायचं, की कॉलमची अट किंवा लिमिट नसलेलं अपडेट-डिलीट तो घेतच नाही. त्या ऑप्शनला मायएसक्यूएलवाल्यांनीच दुसरं नाव दिलंय, आय ॲम अ डमी, खोटं नाही, बघून घे. मी अभिमानानं वापरतो.

तुझ्या टेबलांचं इंजिन पण बघ, शो टेबल स्टेटस. मायआयसॅम निघालं तर दुसरं इंजिन, इनोडीबी, करून घ्यावं लागणार, तुमच्याकडं लाईटचा खेळ म्हणतोस तर जास्तच, इनोडीबी लॉग वाचून स्वतःला सावरतो, मायआयसॅमला लाईट गेली की रिपेअर टेबल करत बसावं लागतं.

शहापूर_विणकर

विषय थोडा वेगळा आहे पण तुम्हाला पुढं लागणारच म्हणून लिहिते. मी सभासद याद्या साफ करायचं काम करते, आपल्या भागात डेटाबेसचं खरं दुखणं नावांचं आहे.

एक तर पत्त्यात गाव हाताने टाईप केलेलं. बेळगाव, बेळगावी, बेलगाम, शिवाय इंग्रजीत दोन स्पेलिंगं, कन्नडमध्ये वेगळं. १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृत नाव बदललं तेव्हा कुणी जुन्या नोंदी बदलल्या, कुणी नाही बदलल्या. (नावाचा वाद इथं काढू नका कुणी, मी ग्रुप बायबद्दल, म्हणजे गट करून बेरीज काढण्याबद्दल बोलतेय!) गावनिहाय बेरीज काढली की एकच शहर सहा ओळीत. गावांचं वेगळं टेबल करा, प्रत्येक गावाला एक आयडी, नावाचे तीन कॉलम मराठी कन्नड इंग्रजी, आणि सभासदाच्या ओळीत फक्त आयडी. मग पावती कुठल्याही भाषेत छापा. पिनकोडला गावाचा आयडी समजू नका, एका पिनमध्ये कितीतरी खेडी येतात.

दुसरं, दिसायला सारखं पण आतनं वेगळं. 'ॲड.' लिहिताना काहीजण एकसंध ॲ टाईप करतात, काहीजण अ वर चंद्र देतात. स्क्रीनवर डोळ्याला फरक दिसत नाही, डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द. कुऱ्हाडेमधला ऱ्ह पण दोन तऱ्हेनं टाईप होतो. एका वकिलांची दोन खाती मला अशी सापडली आणि मी अर्धा दिवस इंडेक्सला दोष देत होते. सेव्ह करतानाच रिप्लेस करून एकच रूप ठेवा. जुना डेटा नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो मुळात मराठी-कन्नड नाहीच, इंग्रजी चिन्हांना घातलेला वेष आहे, तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

आणि आडनाव शोधताना दोन्हीकडं टक्का (% म्हणजे इथं काहीही चालेल) लावू नका. शब्दाच्या आधी टक्का आला की इंडेक्स संपला. तसंही आपल्याकडं पाटील शोधून काय मिळणार, अर्धी यादी.

खानापूर_कौंटर

मंडळी रिपोर्ट लावला. ४ सेकंद. आधी वाटलं एररच आली म्हणून दोनदा चालवला, मग कालच्या छापील कागदाशी एकेक बेरीज ताडून बघितली, पैसा न् पैसा जुळतोय. चेअरमनना सांगितलं सर्व्हर नको, ते म्हणाले मग एवढी वर्षं काय करत होतास 😅

मॅडम, वकिलांचं आमच्याकडं पण आहे, आत्ताच बघितलं, तीन निघाले. निपाणी भावा, टेबलं सगळी इनोडीबी आहेत, वाचलो. बॅकअपची काळजी नाही, रोज रात्री बॅच फाईल चालते, फोल्डरमध्ये तारखेवार फाईली पडतात.

टिळकवाडी_डीबीए

फाईली पडतात हे ठीक, पण कधी उघडून बघितल्यात का? शेवटची फाईल नोटपॅडमध्ये न उघडता टेल करून (फक्त शेवटच्या ओळी) बघा, शेवटी डंप (डेटाबेसची पूर्ण नक्कल) कम्प्लीटेड अशी ओळ आणि तारीख पाहिजे. नसेल तर डंप मध्येच तुटलाय. आणि बॅच फाईलमध्ये सिंगल ट्रान्झॅक्शनचा ऑप्शन आहे का बघा, म्हणजे काम चालू असताना काढला तरी एका क्षणाचा एकसंध डेटा मिळतो. महिन्यातनं एकदा तो दुसऱ्या कुठल्यातरी लॅपटॉपवर चढवून खात्यांची बेरीज जुळवायची. चढवून न बघितलेला बॅकअप मी बॅकअप म्हणून धरत नाही.

खानापूर_कौंटर

सर... मार्चनंतरच्या सगळ्या फाईली ० केबी आहेत.

मार्चमध्ये ऑडिटच्या वेळी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. बॅच फाईलमध्ये जुनाच आहे.

टिळकवाडी_डीबीए

डंप फेल झाला तरी कमांडमधल्या बाणापुढं (>) नाव दिलेली रिकामी फाईल तयार होतेच, म्हणून कळलं नाही. तुमची चूक नाही, हे मी तीन संस्थांत बघितलंय. आता काही बदलू नका, मशीन रीस्टार्ट करू नका. हातानं डंप काढा, पेन ड्राईव्हवर घ्या, मग जेवायला जा.

खानापूर_कौंटर

काढालोय. लाईट आहे अजून. ६० एमबी झालं.

निपाणी_एक्सप्रेस

यूपीएस किती वेळ टिकतोय भावा?

खानापूर_कौंटर

दहा मिनिटं म्हणतात.

आली. डंप कम्प्लीटेड, आजची तारीख, ३१० एमबी. दोन पेन ड्राईव्हवर घेतलं, एक खिशात, एक तिजोरीत. बस गेली आज पण.