मुलाचं 'झालं असेल काहीतरी' आणि मुलीचं मात्र 'लफडं', असं का?

इंदिरानगरवाला: मंडळी, घरात सध्या वातावरण तापलंय. मामेबहिणीचा साखरपुडा ठरला होता, गंगापूर रोडला हॉल पण बुक झालेला, आणि कोणीतरी मुलाकडच्यांना जाऊन सांगितलं की हिचे आधी दोन बॉयफ्रेंड होते, झालं, मोडलं. तिने काही लपवलं नव्हतं हो, मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलेलं, आणि त्याने स्वतःच्या चार सांगितल्या होत्या. चार! त्यावर आमची आत्या म्हणते पुरुषाचं काय, अंघोळ केली की मोकळा. मला विचारायचंय की हे आपल्याकडेच आहे की सगळीकडे, आणि आधीपासून असंच होतं का? माहिती द्या, उपदेश घरी भरपूर मिळतोय.

गोदाकाठची: आधीपासूनचं विचारशील तर महाभारतात आदिपर्वात पंडूच कुंतीला सांगतो की पूर्वी बायका मोकळ्या होत्या, कोणाबरोबर गेल्या तरी तो अधर्म नव्हता. मग श्वेतकेतूसमोर त्याच्या आईचा हात धरून एकाने तिला नेलं, बाप उद्दालक म्हणतोय रागावू नको ही जुनी रीत आहे, पण पोरगं चिडलं आणि त्याने नियम केला. गंमत म्हणजे तो नियम नवऱ्यालाही होता, पतिव्रता बायको सोडून दुसरीकडे गेला तर त्यालाही तेवढंच पाप. आपण अर्धाच पाठ केला. आणि सगळीकडे असं नाहीये, चीनमध्ये युन्नानकडे मोसुओ लोक आहेत, तिथे पुरुष रात्री बाईच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईकडे परत, मुलं आईच्या घरी मामा लोक सांभाळतात. घरदार आईकडून चालत आलं की बाप कोण यावरून एवढं रान पेटत नाही. आपल्याकडे सातबारा बापाकडून येतो ना!

सातपूरकर: शिव्या खाईन पण बोलतो. मला स्वतःला जोडीदाराचे खूप पार्टनर असलेले नाही चालणार, ही माझी आवड झाली. पण मग मी पण तसाच राहिलो. चारवाल्याने दोनवालीला नाकारणं म्हणजे अतीच.

आकडेमोड: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यभरातल्या पार्टनरची सरासरी आहे, पुरुष २.१ आणि बायका १.७. आता टाळी एका हाताने वाजते का? पुरुषाचा एक वाढला की कुठल्यातरी बाईचाही एक वाढणारच, म्हणजे दोन्ही सरासऱ्या जवळपास सारख्या यायला हव्यात. मग कोणीतरी वाढवून सांगतंय, कोणीतरी कमी करून, किंवा हे ज्या बायकांकडे जातात त्या घरोघरच्या सर्व्हेत येतच नाहीत. आणि ऐका, राजस्थानात उलटं निघालं, बायका ३.१ आणि पुरुष १.८. यावर आत्याबाईंचं मत कळवा.

वकीलताई: कायदाही बरीच वर्षं आत्याबाईंचाच भाऊ होता. व्यभिचाराच्या ४९७ कलमात गुन्हेगार फक्त परपुरुष, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, म्हणजे बायको ही नवऱ्याची वस्तू. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये ते रद्द केलं, घटस्फोटाला कारण म्हणून व्यभिचार अजून चालतो. शिवाय २०१३ पासून बलात्काराच्या केसमध्ये संमतीचा मुद्दा असताना बाईचे आधीचे संबंध काढता येत नाहीत. कोर्टात जे काढता येत नाही ते आपल्याकडे कांदेपोह्यांसोबत काढतात.

इंदिरानगरवाला: सगळ्यांना थँक्स, बहिणीला वाचून दाखवलं, राजस्थानच्या आकड्याला चार दिवसांनी पहिल्यांदा हसली. आत्याला श्वेतकेतू सांगितला तर म्हणे तो काय नाशिकचा होता का. वकीलताई, हॉलवाला ॲडव्हान्स परत देत नाहीये, त्याचं काही होतं का?