डायनॅमिकल सिस्टिम्सवरची व्याख्यानं ऐकताना मध्येच वाट सुटते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका पदवी महाविद्यालयात गणित शिकवते. वेळापत्रकात एक दुपार मोकळी मिळाली तेव्हापासून शहरातली संशोधन-व्याख्यानं ऐकायला जाऊ लागले आहे. कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पवईला आयआयटी, कलिन्याला विद्यापीठाच्या आवारातलं सीबीएस हे मूलभूत विज्ञानांचं केंद्र. गेटवर ओळखपत्र दाखवायचं, वहीत नोंद करायची आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचं. कुणी अडवत नाही, उलट नंतरच्या चहाला आवर्जून थांबवून घेतात.

विषय मुद्दाम डायनॅमिकल सिस्टिम्सच धरला आहे, म्हणजे ठरलेल्या नियमाने हलणारे बिंदू शेवटी कुठे कुठे जातात याचा अभ्यास. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गाला डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवताना आम्ही फेज प्लेनपर्यंत येतो आणि अभ्यासक्रम संपतो. खरी मजा तिथून पुढे आहे. शिवाय या विषयाची एक मोठी शाखा आपल्याच गावात वाढली. एम. एस. रघुनाथन आणि एस. जी. दाणी टीआयएफआरमध्ये असताना जे कंजेक्चर (सिद्ध न झालेला अंदाज) पुढे आलं त्यावर नंतर जगभर काम झालं. मुंबईत गणित शिकवायचं आणि ते काय होतं हे धड सांगता येऊ नये, हे मला पटत नाही.

अडचण अशी आहे. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं सगळं समजतं. वर्तुळावरचं रोटेशन, डबलिंग मॅप, पॉइन्कारेचं रिकरन्स, बर्कॉफचं अर्गॉडिक थिअरम, इथवर मी भराभर टिपणं घेते. मग वक्ते एका वाक्यात मोठी उडी मारतात, खोलीतल्या बाकीच्यांच्या माना डोलतात, आणि उरलेला वेळ मी फक्त फळा उतरवून घेते.

अलीकडचंच उदाहरण देते. फळ्यावर हे होतं:

अ² + ब² − √२ क²

अ, ब, क पूर्णांक, तिन्ही एकदम शून्य नाहीत. ऑपेनहाइमच्या १९२९ च्या कंजेक्चरचं आजचं रूप असं की या राशीच्या किमती शून्याच्या हव्या तितक्या जवळ जातात, इतकंच नाही तर साऱ्या संख्यारेषेवर डेन्स असतात, म्हणजे कुठल्याही संख्येच्या हव्या तितक्या जवळ जातात. मार्गुलिसने ते १९८० च्या दशकात सिद्ध केलं. इथपर्यंत उत्तम. पुढचं वाक्य आलं, ‘म्हणजे हा प्रश्न लॅटिसच्या अवकाशातल्या ऑर्बिट क्लोजरचा आहे’, आणि त्यानंतर शेवटपर्यंत फळ्यावर एकही पूर्णांक दिसला नाही. पूर्णांक गेले कुठे? पूर्णांकांबद्दलचा प्रश्न हालचालीचा प्रश्न कसा झाला? व्याख्यानाचा सगळा जीव त्या एका वाक्यात होता आणि नेमकं तेच माझ्या हातून निसटलं.

जाणकारांनी हे वाक्य उलगडून सांगावं ही पहिली विनंती. दुसरी, अशा व्याख्यानाला जाण्याआधी तुम्ही काय तयारी करता? चारशे पानी पुस्तक वाचून मग जा, असं कृपया सांगू नका, नोकरी आणि घर सांभाळून ते व्हायचं नाही. आणि टीवायची काही मुलं सोबत यायला उत्सुक आहेत. त्यांना आधी वर्गात काय करून दाखवावं?

आगाऊ धन्यवाद.

जाळीदार:

मॅडम, पूर्णांक कुठेही गेलेले नाहीत, ते जाळीत (म्हणजेच लॅटिसमध्ये, समान अंतरांवर मांडलेल्या बिंदूंत) जाऊन बसलेत.

अ² + ब² − क² हा सोपा फॉर्म (वर्गांची अशी राशी) घ्या. तुमचा √२ वाला फॉर्म म्हणजे हाच, फक्त आधी तिसरा अक्ष ताणलेला. तेव्हा अवघड फॉर्म आणि पूर्णांकांची सरळ जाळी घ्या, नाहीतर सोपा फॉर्म आणि ताणलेली जाळी घ्या, किमती दोन्हीकडे त्याच. (जाळीच्या एका खान्याचं घनफळ १ राहावं म्हणून एका स्थिर संख्येने गुणावं लागतं, त्याने काही बिघडत नाही.)

आता सोप्या फॉर्मची किंमत न बदलणारी रूपांतरं भरपूर आहेत. तिसऱ्या अक्षाभोवती फिरवणं हे एक, आणि हायपरबोलावरून सरकवणं हे दुसरं. विशेष सापेक्षतावादातली लॉरेंट्झ रूपांतरं ती हीच, एक मिती कमी करून. ताणलेली जाळी या रूपांतरांनी हलवत राहिलात तर दर वेळी नवी जाळी मिळते, पण तिच्यावरच्या किमतींचा संच तोच राहतो. या सगळ्या जाळ्या मिळून झाला ऑर्बिट, आणि त्या ज्यांच्या हव्या तितक्या जवळ जातात त्या जाळ्याही धरल्या की ऑर्बिट क्लोजर.

समजा हा ऑर्बिट सगळ्या जाळ्यांच्या अवकाशात डेन्स आहे. मग एखाद्या बिंदूवर ०.००१ ही किंमत देणारी कुठलीही जाळी तुम्ही निवडा. ऑर्बिटमधली कुठली तरी जाळी तिच्या इतकी जवळ येते की तिच्याही एका बिंदूवर ०.००१ च्या आसपासचीच किंमत मिळते. पण ऑर्बिटमधल्या प्रत्येक जाळीच्या किमती म्हणजे तुमच्या मूळ फॉर्मच्याच किमती! तुमच्या वक्त्यांनी ही सगळी वाट त्या एका वाक्यात पार केली.

मग उरतो एकच प्रश्न, ऑर्बिट डेन्स कशावरून? १९७० च्या दशकाच्या मध्यावर रघुनाथन यांच्या लक्षात आलं की युनिपोटेंट फ्लोंच्या (ज्यांत शेजारचे बिंदू सावकाश दुरावतात अशा हालचालींच्या) ऑर्बिट क्लोजरबद्दल एक साधं-सुटसुटीत विधान खरं असेल तर ऑपेनहाइम त्यातून आपोआप निघतं. ते कंजेक्चर छापून आलं दाणी यांच्या १९८१ च्या निबंधात. मरीना रॅटनर यांनी ते १९९० च्या सुमारास पूर्ण व्यापकतेत सिद्ध केलं. आपल्या उदाहरणात त्याचा अर्थ असा की ऑर्बिट एकतर बंद असतो, नाहीतर सगळीकडे डेन्स. तिसरा पर्याय नाही. आणि बंद तेव्हाच, जेव्हा फॉर्म परिमेय सहगुणकांच्या फॉर्मच्या पटीत असतो. √२ मुळे ती शक्यता गेली.

मागचा बाक:

तयारीबद्दल लिहितो. अशी व्याख्यानं बरीच वर्षं ऐकत आलो आहे.

सारांश आधी येतोच, तो पेन्सिल घेऊन वाचा. हालचाल कुठल्या अवकाशात आहे आणि नियम काय आहे, एवढं त्यातून काढा. मग सर्वांत महत्त्वाचं बघा: विधान ‘जवळजवळ प्रत्येक’ बिंदूबद्दल आहे, की ‘प्रत्येक’ बिंदूबद्दल? माझ्या मते या विषयातल्या निम्म्या व्याख्यानांचा ताण या फरकातून येतो. बर्कॉफचं १९३१ चं प्रमेय जवळजवळ प्रत्येक बिंदूचं आहे. बिंदू यदृच्छया निवडलात तर तो नीट वागेल, पण तुमच्या हातातल्या ठरावीक बिंदूबद्दल ते अवाक्षर काढत नाही. नंबर थिअरीवाल्याला नेमका √२ च हवा असतो. रॅटनर यांची प्रमेयं प्रत्येक बिंदूला लागू पडतात, म्हणून त्यांचं एवढं मोल.

लिटलवूडच्या कंजेक्चरवर (दोन संख्यांच्या एकाच छेदाच्या अपूर्णांकांनी एकदम किती जवळ जाता येतं, याबद्दलचं) व्याख्यान ऐकायला मिळालं तर हाच फरक उलट बाजूने दिसेल. आइनझीडलर, काटोक आणि लिंडनश्ट्राउस यांनी २००६ मध्ये दाखवलं की अपवाद असलेच तर त्यांच्या संचाची हाउसडॉर्फ मिती शून्य आहे. म्हणजे अपवाद अगदी विरळ. पण √२ आणि √३ ही जोडी त्या विरळ संचात नाही, असं त्या प्रमेयावरून म्हणता येत नाही.

आणि प्रश्न विचारा. ‘याचं सगळ्यात लहान उदाहरण कोणतं?’ हा प्रश्न कुठल्याही व्याख्यानात चालतो, आणि चांगले वक्ते त्यावर खूश होतात. सर्वांसमोर नको वाटलं तर चहाच्या वेळी गाठा.

शिक्षकमित्र:

मुलांसाठी दोनच गोष्टी सुचवतो, दोन्ही मी वर्गात केलेल्या आहेत.

२ चे घात लिहायला सांगा: २, ४, ८, १६, ३२, ६४… आणि फक्त पहिला अंक बघायचा. ७ कधी येतो? मुलं बराच वेळ शोधतात, कारण तो पहिल्यांदा येतो ४६ व्या घाताला, ७०३६८७४४१७७६६४. ९ साठी ५३ व्या घातापर्यंत थांबावं लागतं. मग सांगा की हे वर्तुळावरचं रोटेशन आहे. दर पावलाला लॉग २, म्हणजे सुमारे ०.३०१०३ पुढे सरकायचं आणि पूर्णांक भाग टाकून द्यायचा. हा आकडा अपरिमेय आहे, म्हणून वर्तुळावर सगळीकडे समान वाटप होतं. वाइलचं १९१६ चं काम हेच. त्यावरून १ ची वारंवारता ३०.१ टक्के, ७ ची ५.८ आणि ९ ची ४.६ टक्के निघते. मुलांनी स्वतः मोजलेले आकडे शेजारी मांडा, वर्ग शांत होतो.

दुसरी गोष्ट आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींची. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ च येत राहतो. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पावलांत तिथे पोचते. फिक्स्ड पॉइंट आणि बेसिन ऑफ ॲट्रॅक्शन शिकवायला याहून सोपं काही मला सापडलेलं नाही. तीन अंकी संख्यांचं काय होतं ते मुलांनाच शोधू द्या.

धागाकर्ती:

मनापासून आभार. ‘जाळीदार’ यांचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून पुन्हा पुन्हा वाचला, आता ते वाक्य माझं झालं. ‘जवळजवळ प्रत्येक’ आणि ‘प्रत्येक’ हा फरक डोक्यात ठेवून जुनी टिपणं चाळली तेव्हा कितीतरी ठिकाणी वक्ते का अडखळत होते ते आत्ता कळलं.

मुलांबरोबर एक्सेलवर तीन चलांचा तक्ता केला. ३, २, ३ घेतलं तर १३ − ९√२, म्हणजे सुमारे ०.२७२. मग एका मुलीने १९, १, १६ शोधून काढलं: ३६२ − २५६√२, म्हणजे सुमारे −०.०३९. वर्गात टाळ्या पडल्या!

पण त्यातून नवा प्रश्न आला. मुलांनी विचारलं, दोनच चल घेतले तर? म्हणून अ² − (३ + २√२) ब² करून पाहिलं. सहगुणक अपरिमेय आहेच. ५, २ ला १.६८६ आलं. १२, ५ ला −१.७११. २९, १२ ला १.७०६, ७०, २९ ला −१.७०७. पुढे कितीही गेलो तरी शून्याकडे जायचं नावच नाही. एक चल कमी झाल्याने सगळं प्रमेयच कोसळतं, ते का?

जाळीदार:

मुलांना शाबासकी द्या, नेमक्या मर्मावर बोट ठेवलंय त्यांनी. ३ + २√२ म्हणजे (१ + √२)², तेव्हा तुमची राशी (अ − (१+√२)ब) आणि (अ + (१+√२)ब) यांचा गुणाकार आहे. १ + √२ चं सतत अपूर्णांकातलं रूप २, २, २, २ असं चालतं. अशा संख्येच्या परिमेय संख्या छेदाच्या मानाने फार जवळ येऊ शकत नाहीत. पहिला अवयव लहान केला की दुसरा त्याच प्रमाणात मोठा होतो. म्हणून ब शून्य नसेल तर किंमत, चिन्ह सोडून, १.६८ च्या खाली उतरत नाही.

हालचालीच्या भाषेत कारण असं की दोन चलांत फॉर्म टिकवणारी रूपांतरं म्हणजे एका दिशेला ताणणं आणि दुसऱ्या दिशेला तितकंच आवळणं, बस. शेजारचे दोन बिंदू घातांकी वेगाने दुरावतात आणि ऑर्बिटची क्लोजर कशीही वेडीवाकडी निघू शकते. तीन चल आले की त्या गटात युनिपोटेंट रूपांतरं शिरतात. त्यांच्याखाली शेजारचे बिंदू बहुपदीच्या गतीने, सावकाश दुरावतात. दादर सोडल्यावर स्लो आणि फास्ट लोकल शेजारून धावताना समोरच्या गाडीतला चेहरा बराच वेळ खिडकीत राहतो, तसं. दोन बिंदू एकमेकांपासून कुठल्या दिशेला सरकताहेत ते या सावकाशीमुळे निरखता येतं, आणि क्लोजरमध्ये नवी दिशा सापडते. मार्गुलिस आणि रॅटनर दोघांच्याही सिद्धतांचा कणा हाच. दाणी आणि मार्गुलिस यांनी मिळून नंतर ऑपेनहाइमची एक बरीच प्राथमिक सिद्धता दिली, ती तुम्हाला झेपेल. लिनिअर अल्जिब्रा आणि टोपॉलॉजी पक्की हवी, ती तुमची आहेच.

मागचा बाक:

एक भर. तक्ता मोठा कराल तेव्हा शून्याजवळ किती किमती पडतात तेही मोजा. एस्किन, मार्गुलिस आणि मोझेस यांनी १९९८ मध्ये ही मोजदाद केली. तुमच्या फॉर्मसारखे, दोन अधिक आणि एक उणे चिन्हाचे फॉर्म त्यात वेगळे काढावे लागले, कारण त्यांतल्या काही अपरिमेय फॉर्मना अपेक्षेपेक्षा जास्त किमती मिळतात. पुढच्या व्याख्यानात हाच प्रश्न विचारा, आणि मुलीचा तो १९, १, १६ वक्त्यांना नक्की दाखवा.